घरच्या कॉम्प्युटरवर बनवलेली स्वरलिपीची अक्षरं दुसऱ्यांकडे नुसते चौकोन दिसतात, काय करू?

गांधार_नौपाडा:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

मी ठाण्यात नौपाड्यात घरी हार्मोनियम आणि गाणं शिकवते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये क्लास ऑनलाइन घ्यावा लागला आणि त्यातली निम्मी मुलं तशीच ऑनलाइन राहिली, कोणी घोडबंदर रोडला, कोणी कळव्याला, दोघी बहिणी खारघरला, त्यांना रोज संध्याकाळी इथे येणं शक्यच नाही. त्यांच्यासाठी अलंकार, सरगम, बंदिशी टाइप करून पाठवायला लागले. भातखंडे पद्धतीनं लिहिते, म्हणजे कोमल (उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ, तीव्र (चढलेल्या) मध्यमावर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब, आणि एका मात्रेत दोन-तीन स्वर आले की त्यांच्या खाली कमान.

आधी वर्डमध्ये अंडरलाइन देऊन कोमल दाखवायचे. मग झालं असं की एका मुलीनं फाइलमधली सरगम कॉपी करून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली, अंडरलाइन सगळ्या गळून गेल्या आणि भीमपलासीचे ग नि शुद्ध होऊन बसले. एक नऊ वर्षांचा मुलगा आठवडाभर तेच घोटत बसला. पुढच्या क्लासला त्यानं मोठ्या उत्साहानं वाजवून दाखवलं, अगदी लयीत, आणि ग शुद्ध. मला इतकं वाईट वाटलं, कारण त्याची काहीच चूक नव्हती, कागदावर होतं तेच तो वाजवत होता.

म्हणून ठरवलं की रेघ अक्षराचाच भाग असली पाहिजे. भाच्यानं विंडोजमधला प्रायव्हेट कॅरेक्टर एडिटर दाखवला. त्यात ६४ बाय ६४ चौकटींचा कागद मिळतो, माउसनं एकेक चौकट काळी करायची. मंद्र सप्तकातला कोमल नि काढायला मला पाऊण तास लागला, वेलांटी, न, खाली रेघ आणि रेघेच्या खाली टिंब, एवढं सगळं त्या चौकटीत बसवायचं म्हणजे न बारीक होतो. अशी २२ अक्षरं केली. कॅरेक्टर मॅपमधून उचलून वर्डमध्ये टाकली, माझ्या कॉम्प्युटरवर छान दिसतात.

आणि मुलांना फाइल पाठवली तर सगळीकडे रिकामे चौकोन! वर्डमध्ये फॉन्ट फाइलबरोबर एम्बेड करायचा पर्याय आहे तोही टिक करून पाहिला, तरी चौकोनच. दोन मोठ्या मुली माझ्या फाइलमध्ये ताना भरून परत पाठवतात, त्यामुळे फोटो काढून पाठवणं हा काही उपाय नाही. शिवाय प्रिंट मोठी काढली की कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात. एवढी मेहनत केलेली अक्षरं दुसऱ्यांना देता येतील का? की वेगळ्याच पद्धतीनं करायला हवं होतं?

ऐरोलीकर:

ताई, आधी असं का होतंय ते सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल.

त्या एडिटरमध्ये काढलेली अक्षरं कुठल्याही फॉन्टच्या आत जात नाहीत. ती एका वेगळ्या फाइलमध्ये साठतात, ईयूडीसी नावाची, शेवटी टीटीई असतं, आणि ही फाइल तुमच्याच विंडोजमध्ये राहते. कुठल्या फॉन्टला ती जोडायची ही नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत असते. म्हणजे तुम्ही मंगल किंवा निर्मला फॉन्टमध्ये टाइप करताय असं तुम्हाला दिसतं, पण अक्षर बाजूच्या फाइलमधून उसनं येतंय. वर्ड एम्बेड करतं ते फॉन्टला, आणि तुमची अक्षरं त्या फॉन्टमध्ये नाहीतच, मग जाणार काय?

आणि फाइलमध्ये तुम्ही पाठवता तो नुसता नंबर असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, ई००० पासून एफ८एफएफ पर्यंत ६४०० जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्यात, प्रायव्हेट यूज एरिया म्हणतात. तिथे कोणीही काहीही बसवावं, युनिकोडवाले तिथे कधीच काही ठरवणार नाहीत. तुमच्याकडे ई००५ म्हणजे मंद्र कोमल नि, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ई००५ म्हणजे काहीच नाही, म्हणून चौकोन. अजून वाईट म्हणजे एखाद्या फॉन्टवाल्यानं तिथे स्वतःचं चिन्ह बसवलेलं असेल तर भलतंच काहीतरी दिसेल आणि मुलांना कळणारही नाही.

ती टीटीई फाइल उचलून मुलांच्या कॉम्प्युटरवर टाकायच्या भानगडीत पडू नका. रजिस्ट्रीत हात घालावा लागतो, प्रत्येकाकडे करत बसणार का, आणि मोबाइलवर तर तो रस्ताच नाही. ही सोय मुळात चिनी-जपानी लोकांसाठी होती, नावातलं एखादं दुर्मिळ अक्षर फॉन्टमध्ये नसलं तर आपल्यापुरतं बनवून घ्यायला. आपल्यापुरतं हा शब्द महत्त्वाचा.

तुम्हाला हवाय तो खराखुरा फॉन्ट, टीटीएफ फाइल. ती पाठवता येते, इन्स्टॉल होते, एम्बेडही होते.

डग्गा_खारघर:

थांबा थांबा, फॉन्ट बनवायच्या आधी हे बघा ताई, निम्मं काम फॉन्टशिवाय होतंय.

मी तबलावाला पण सतारीच्या क्लाससाठी नोटेशन टाइप करून देतो बऱ्याच वर्षांपासून. देवनागरीच्या युनिकोडमध्ये वेदपाठासाठी दोन चिन्हं आहेत, अनुदात्त म्हणजे अक्षराखाली आडवी रेघ आणि उदात्त म्हणून ओळखली जाणारी अक्षरावर उभी रेघ. आता सांगा, भातखंड्यांचा कोमल आणि तीव्र दुसरा काय असतो?

रे॒ ग॒ ध॒ नि॒ आणि म॑

हे मी आत्ता इथे नुसतं टाइप केलंय, कुठलाही वेगळा फॉन्ट नाही. वर्डमध्ये ग टाइप करा, त्याला चिकटूनच इंग्रजी आकड्यांत ०९५२ टाइप करा आणि ऑल्ट धरून एक्स दाबा, रेघ ग खाली जाऊन बसेल. तीव्र म साठी ०९५१. रोज कोण आकडे टाइप करणार, म्हणून वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये घालून ठेवा, मी कग लिहिलं की ग॒ येतं आणि तम लिहिलं की म॑ येतं. अक्षराला मात्रा-वेलांटी असेल तर आधी ती मग रेघ, नि मग ॒. उलट केलं तर मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ येतं.

टिंबांचं पण होतं. तार सप्तकाला सरळ अनुस्वार, सां रें गं, हे तर सगळेच करतात. मंद्राला नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, ०९३सी, पण इथे क्रम उलटा, नुक्ता आधी आणि मात्रा नंतर, न मग नुक्ता मग वेलांटी. यमनचा आरोह असा,

ऩि रे ग म॑ ध नि सां

बागेश्रीचा अवरोह,

सां नि॒ ध म ग॒ म ग॒ रे सा

हे व्हॉट्सॲपवर पाठवा, कॉपी करा, परत पेस्ट करा, रेघ गळणार नाही कारण ती फॉरमॅटिंग नाही, ते एक अक्षरच आहे. तुमच्या त्या छोट्या मुलाचा भीमपलासी असा लिहिला असता तर वाचला असता.

अडतं कुठे तर मंद्रातला कोमल, ऩि॒, रेघ आणि टिंब एकमेकांवर चढतात काही फॉन्टमध्ये. आणि मात्रेची कमान. ती मला आजपर्यंत नीट जमलेली नाही, मी टेबल करून एका खणात एक मात्रा ठेवतो, त्रितालाचे १६ खण, वर सम-टाळी-खालीच्या खुणा × २ ० ३.

अजून एक, मुलं परीक्षेला बसतात ना? वरच्या परीक्षांना पलुस्कर पद्धत, म्हणजे स्वरलिपीची दुसरी पद्धत, पण शिकवत असाल तर फार सांभाळा. तिथे वरचं टिंब म्हणजे मंद्र आणि वरची उभी रेघ म्हणजे तार सप्तक! म्हणजे भातखंडे वाचणारा सां ला तार समजणार आणि पलुस्कर वाचणारा त्याच टिंबाला मंद्र समजणार. पानाच्या वर पद्धतीचं नाव लिहायचं म्हणजे लिहायचंच, मी विद्यार्थ्यांना यावरून खूप बोलतो.

अक्षरवेडा_वाशी:

वरच्या दोघांशी पूर्ण सहमत आणि डग्गा यांनी उदात्त-अनुदात्तचं सांगितलं ते तर लाख मोलाचं. आता त्यावर फॉन्ट कसा चढवायचा ते सांगतो. माझं काम पॅकेजिंग डिझाइनचं आहे, पण हौस म्हणून तीन-चार फॉन्ट केलेत घरी बसून, त्यामुळे कुठे ठेच लागते ते माहीत आहे.

सॉफ्टवेअर फॉन्टफोर्ज वापरा, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोजवर चालतं. जॉर्ज विल्यम्स यांनी एकट्यानं सुरू केलं होतं, तेव्हा नाव वेगळं होतं, पीएफएएडिट. दिसायला जुनाट आहे, बटणं शोधावी लागतात, पण घरच्या कामाला पुरून उरतं.

स, र, ग, म, प, ध, न ही अक्षरं स्वतः काढत बसू नका. चांगलं देवनागरी अक्षर काढायला कारागिराला महिने लागतात. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा मुक्ता फॉन्ट घ्या, तो एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, म्हणजे त्यात बदल करून वाटायला परवानगी आहे. अटी नीट पाळा मात्र. नवीन फॉन्टही त्याच लायसन्सखाली द्यायचा, लायसन्सची टेक्स्ट फाइल सोबत ठेवायची, नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही, आणि मूळ फॉन्टच्या लायसन्समध्ये नाव राखून ठेवलेलं असेल तर ते नाव आपल्या फॉन्टला वापरायचं नाही. नाव तसंही बदलाच, नाहीतर ज्याच्याकडे मूळ मुक्ता आहे त्याच्याकडे दोघांची मारामारी होते. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या तुमच्या बंदिशींना मात्र हे लायसन्स लागू होत नाही, त्या तुमच्याच.

आणि मुक्ताची फाइल उघडून तिच्यातच भर घालू नका. देवनागरी फॉन्टच्या पोटात जोडाक्षरांचे शेकडो नियम असतात, फॉन्टफोर्जमधून परत जनरेट करताना त्यातले काही बिघडू शकतात, माझे बिघडलेत, क्ष आणि ज्ञ फुटून निघाले होते. त्यापेक्षा नवा कोरा फॉन्ट घ्या आणि लागणारी अक्षरं तेवढी मुक्तातून कॉपी करून आणा. एम साइज, म्हणजे अक्षराच्या चौकटीचं माप युनिटमध्ये, दोन्हीकडे एकच ठेवा, १००० म्हणजे हिशोबाला सोपं.

आता हिशोब. सप्तकात शुद्ध, कोमल, तीव्र धरून १२ स्वर, तीन सप्तकं, म्हणजे ३६ अक्षरं. घाबरू नका, ३६ वेळा काढायचं नाहीये. रेघ एकदाच काढा, टिंब एकदाच काढा, वेगवेगळ्या खणांत. मग प्रत्येक स्वर बनवताना साधी कॉपी न करता एडिट मेनूतलं कॉपी रेफरन्स वापरा. याचा फायदा असा की उद्या वाटलं टिंब जरा मोठं हवं, तर टिंबाच्या खणात जाऊन एकदा मोठं केलं की सगळीकडे आपोआप मोठं होतं. तुमच्या ६४ चौकटींच्या पद्धतीत २२ वेळा करावं लागलं असतं. शिवाय इथे रेषा असतात, चौकटी नसतात, म्हणून भिंतीवर लावायच्या तक्त्याएवढी प्रिंट काढली तरी पायऱ्या दिसणार नाहीत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, प्रत्येक स्वराची रुंदी एकसारखी ठेवा, बरोबर १००० युनिट. मेट्रिक्स मेनूत सेट विड्थ आणि मग सेंटर इन विड्थ. साध्या फॉन्टमध्ये सा रुंद असतो आणि ग अरुंद, त्यामुळे मात्रा एकाखाली एक येत नाहीत. रुंदी सारखी केली की दोन ओळींतले स्वर शिपायांसारखे एका रांगेत उभे राहतात, टेबलाचीही गरज उरत नाही.

आणि याच जोरावर कमानीचा प्रश्न सुटतो. कमान हे वेगळं अक्षर करायचं, तिची रुंदी शून्य, आणि चित्र काढायचं शून्याच्या डावीकडे. दोन स्वरांची कमान उणे २००० पासून शून्यापर्यंत, तीन स्वरांची उणे ३००० पासून, चारांची उणे ४००० पासून. टाइप करताना आधी स्वर लिहायचे आणि शेवटी कमान, ती मागे जाऊन त्या स्वरांच्या खाली बसते. ही युक्ती स्वरांची रुंदी ठरलेली असेल तरच चालते. कमान मंद्राच्या टिंबाच्याही खालून गेली पाहिजे, तेवढी जागा सोडा, आणि फॉन्टची खालची मर्यादा म्हणजे डिसेंट वाढवा, नाहीतर स्क्रीनवर तळ कापला जातो.

आता ही ३६ अक्षरं टाइप कशी करायची. सोपा रस्ता म्हणजे ई००० ते ई०२३ या प्रायव्हेट जागांवर बसवणं. पण मी तुम्हाला तो सांगणार नाही, कारण मग फाइलमध्ये परत नुसते नंबर, ज्याच्याकडे फॉन्ट नाही त्याला परत चौकोन. त्याऐवजी फाइलमध्ये मजकूर डग्गा लिहितात तसाच ठेवायचा, नि आणि त्यापुढे ॒, आणि फॉन्टला सांगायचं की हा क्रम दिसला की माझं तयार अक्षर दाखव. जोडाक्षरं जशी होतात तसंच. फॉन्ट असलेल्याला सुबक दिसेल, नसलेल्याला साधं दिसेल, पण स्वर चुकणार नाही. प्रायव्हेट जागा फक्त कमानींना वापरा, त्या नाही दिसल्या तरी सूर बदलत नाही.

इथे दोन ठिकाणी मी प्रत्येकी एक रविवार घालवलाय म्हणून सांगतो. हे नियम लिगा नावाच्या फीचरमध्ये (फीचर म्हणजे फॉन्टमधल्या नियमांचा एक गट) लिहू नका, इंग्रजीला ते चालतं पण देवनागरीत बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ते लागूच होत नाही. बीएलडब्ल्यूएस किंवा एबीव्हीएस मध्ये लिहा, अक्षराच्या खालच्या-वरच्या जोडण्यांसाठीच ती आहेत, आणि स्क्रिप्ट डीईव्ही२, म्हणजे देवनागरी, निवडा. दुसरं म्हणजे नि. आपण न आधी टाइप करतो आणि वेलांटी नंतर, पण नियम लागू व्हायच्या वेळेपर्यंत कॉम्प्युटरनं वेलांटी उचलून न च्या आधी ठेवलेली असते. म्हणून नियमातही क्रम ि, न, ॒ असाच लिहायचा. मी न, ि असं लिहीत होतो आणि बाकी सगळे स्वर चालायचे, फक्त नि अडून बसायचा.

शेवटी एलिमेंट मेनूत करेक्ट डायरेक्शन, ॲड एक्स्ट्रीमा, राउंड टू इंट चालवा, फॉन्ट इन्फोमध्ये एम्बेडिंग इन्स्टॉलेबल ठेवा म्हणजे वर्ड आणि पीडीएफ दोन्हीत फॉन्ट आत जाईल, आणि टीटीएफ जनरेट करा. प्रत्येक वेळी आवृत्तीचा नंबर वाढवा आणि नवीन टाकायच्या आधी जुना काढा, कारण विंडोज जुनंच चित्र धरून बसतं आणि आपल्याला वाटतं आपला बदल झालाच नाही.

नियमांचा भाग अवघड वाटला तर तुमची अर्धी फाइल इथे टाका, तेवढं मी बसवून देतो.

चरईचे_काका:

ताई, मी ठाण्यात डीटीपीची कामं पस्तीस वर्षं केली, आता दुकान मुलगा बघतो. अक्षरवेडा म्हणतात ते प्रायव्हेट जागा टाळा, त्याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे म्हणून लिहितोय.

युनिकोड सगळीकडे रुळायच्या आधी आमची सगळी मराठी अशाच उसन्या जागांवर चालायची. फॉन्टवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या आणि वर टिंबं-फटकारे असलेल्या युरोपी अक्षरांच्या जागी आमचे अ आ क ख बसवलेले होते, आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची पद्धत निराळी. एका फॉन्टात लिहिलेलं दुसऱ्या फॉन्टात उघडलं की बाराखडीचा चिवडा. आम्हाला तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही कारण प्रिंट निघाली की काम संपलं. पण आमच्या आळीतल्या एका मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची फाइल मी २००३ मध्ये केली होती, त्यात जुन्या सभासदांच्या आठवणी होत्या, त्यातले बरेच जण आता नाहीत. परवा त्यांची नातवंडं म्हणाली काका ती परत छापायची आहे. फाइल उघडली तर सगळा मजकूर परदेशी अक्षरांत. ज्या फॉन्टात केली तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर चालेना. शेवटी छापलेली एक प्रत घेऊन सुनेनं आणि मी मिळून ८० पानं परत टाइप केली.

रुपयाच्या चिन्हाचंही तसंच झालं होतं. २०१० च्या जुलैमध्ये ₹ हे चिन्ह ठरलं आणि ऑक्टोबरमध्ये युनिकोडात आलं, पण लोकांना दम नव्हता. मधल्या काळात किबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातल्या त्या तिरक्या फटकाऱ्याच्या जागी रुपया बसवलेले फॉन्ट गावभर फिरले. मी पण वापरले. ती बिलं दुसऱ्याकडे उघडली की रकमेच्या आधी नुसता तिरका फटकारा.

तुमच्या बंदिशी तुमच्या गुरूंकडून आलेल्या असतील, त्या पुढच्या पिढीला वाचता आल्या पाहिजेत. म्हणून मजकूर खऱ्या युनिकोडात ठेवा. आणि कमानी वगैरे जे काही स्वतःचं बसवाल त्याचा एक तक्ता करा, कुठल्या नंबरावर कुठलं चिन्ह, आणि तो कागदावर छापून पेटीच्या खोक्यात ठेवा. कॉम्प्युटर बदलतो, कागद राहतो.

पूर्वी शिशाचे खिळे जुळवायचे तेव्हा सुद्धा अक्षर आणि वरखालची चिन्हं असे सुटे तुकडे असायचे, जुळारी बोटांनी चाचपून ते बसवायचे. अक्षरवेडांनी रेघ एक, टिंब एक आणि जोडणी ३६ असं लिहिलं ते वाचून मला आमचे जुने जुळारी आठवले.

मोरया_घणसोली:

एवढं सगळं कशाला, वर्डमधून पीडीएफ करा, फॉन्ट आपोआप आत जातो, मोबाइलवर पण नीट दिसतं. ज्या दोघी ताना भरतात त्यांनाच फक्त फॉन्ट इन्स्टॉल करायला सांगा. बाकीच्यांना फॉन्टचं नाव पण कळायची गरज नाही.

ऐरोलीकर:

बरोबर आहे मोरया, पण पीडीएफमध्ये जाण्यासाठी आधी खरा फॉन्ट हवा ना, ताईंचं गाडं तिथेच अडलंय. आणि पीडीएफमधली सरगम कोणीतरी कॉपी करून ग्रुपवर टाकणारच, भीमपलासीचं तसंच झालं होतं. आत मजकूर खरा हवा. बाकी वाटप तुम्ही म्हणता तसंच, दोघींना टीटीएफ आणि लायसन्सची फाइल झिप करून, बाकी सगळ्यांना पीडीएफ.

गांधार_नौपाडा:

तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिल्याच दिवशी डग्गा यांची युक्ती केली, ग॒ आणि नि॒ ऑटोकरेक्टमध्ये घातले आणि ग्रुपवर भीमपलासी परत पाठवली. सगळ्यांच्या मोबाइलवर रेघा दिसल्या, आयफोनवाल्या एका आजींकडे पण दिसल्या. त्या छोट्या मुलाच्या आईनं त्याच रात्री रेकॉर्डिंग पाठवलं, कोमल गांधार, अगदी जागेवर. मला खरंच डोळ्यांत पाणी आलं.

मग फॉन्ट. मुक्तातून दहा तुकडे आणले, स, र, ग, म, प, ध, न, काना, एक मात्रा आणि वेलांटी. पहिले दोन दिवस नुसतं बटणं शोधण्यात गेले. कॉपी रेफरन्स कळलं आणि मग काम पळालं, एका दुपारी मंद्र सप्तक संपलं. रुंदी १००० केल्यावर सा जरा कोंबल्यासारखा दिसत होता म्हणून सगळ्यांची ११०० केली आणि कमानी त्या हिशोबानं उणे २२००, ३३००, ४४०० घेतल्या. पहिल्यांदा दोन स्वरांखाली कमान आपोआप मागे जाऊन बसली तेव्हा मी भाच्याला हाक मारून दाखवली. इतकी वर्षं वहीत हातानं काढलेली कमान तशीच कॉम्प्युटरवर.

नि खरोखरच अडला होता! वेलांटी आधी लिहिली आणि सुटला. आता एकच तिढा आहे. मंद्रातला कोमल नि आणि कोमल ध मोठ्या अक्षरांत सुंदर दिसतात, पण ११ पॉइंटमध्ये प्रिंट काढली की रेघ आणि टिंब एक होऊन जाड रेघ दिसते, टिंब कळतच नाही. मुलं ते मध्य सप्तकातलं समजून वाचतात. मधलं अंतर ५० युनिट ठेवलंय.

काका, तक्ता छापला आणि पेटीच्या खोक्यातच ठेवलाय.

अक्षरवेडा_वाशी:

ताई वा! ११०० करणं हा अगदी योग्य निर्णय, सा ला श्वास घ्यायला जागा हवीच.

५० युनिट फार कमी आहे. ११ पॉइंटमध्ये १००० युनिट म्हणजे ११ पॉइंट, म्हणजे ५० युनिट जेमतेम अर्धा पॉइंट, घरच्या प्रिंटरची शाई पसरली की संपलं. अंतर १२० करा आणि टिंबाचा व्यास रेघेच्या जाडीच्या निदान दीडपट ठेवा, म्हणजे रेघेपेक्षा वेगळं ओळखू येईल. मंद्र कोमलसाठी रेघ थोडी वर उचललीत तरी चालेल, पण मग सगळ्याच कोमल स्वरांची तेवढीच उचला, नाहीतर ओळीत रेघा वरखाली दिसतात. आणि टिंब खाली गेलं की कमानी पण तेवढ्याच खाली न्यायला विसरू नका.

डग्गा_खारघर:

ताई, लायसन्सच्या फाइलसकट झिप इथे टाकाल का? आमच्या सतारीच्या क्लासला पाहिजे, कमानीसाठी तर पाहिजेच पाहिजे. मी बदल्यात ठेक्यांची चिन्हं, सम, खाली, टाळीचे आकडे, त्याच रुंदीत करून देतो, तुमच्याच फॉन्टमध्ये घाला.

गांधार_नौपाडा:

टाकते की, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. १२० करून प्रिंट काढली, टिंब आता चष्मा न लावता दिसतंय. कमानी खाली सरकवायच्या राहिल्यात, त्या करून रविवारी झिप टाकते, आवृत्ती १.३. समेचं चिन्ह जरा ठसठशीत काढा, छोट्या मुलांची नजर आधी तिथेच जायला हवी.